आता आत काय घालू

नवऱ्याने दुकानाचं पान इंटरनेटवर चढवलं तेव्हा मी ते पुन्हा पुन्हा वाचलं, आणि आपण काय विकतो ते मलाच कळेना. 'महिलांसाठी शस्त्रक्रियोत्तर विशेष आरोग्यवस्त्रे.' शेंडा ना बुडखा. मी काय करते ते सरळ सांगते. कॅन्सरमुळे ज्या बाईची छाती काढलेली असते, एक बाजू किंवा दोन्ही, तिच्यासाठी मी आतले कपडे शिवते. त्यांना आतून खिसा असतो आणि खिशात मऊ उशी बसते. उशीचं वजन दुसऱ्या बाजूइतकं लागतं, नाहीतर बाई हळूहळू एकीकडे कलते आणि पाठ धरते. एवढंच काम आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण नवरा नाकाने कांदे सोलणारा. छाती हा शब्द पाटीवर नको, पानावर नको, चारचौघांत तर नकोच नको. मी परोपरीने सांगितलं. अहो, मापाच्या खोलीत पडदा ओढला की बायका काय बोलतात ते मी ऐकते. एक म्हणते, एक बाजू सपाट झाली. दुसरी म्हणते, कपडा एकीकडेच लोंबतो. 'शस्त्रक्रियोत्तर' म्हणणारी बाई मला अजून भेटायची आहे. जिला शोधायचंय ती तिच्या शब्दांनी शोधणार, तुमच्या नाही. त्यावर त्याने मलाच समजावलं, की असले शब्द टाकले तर भलतेच लोक पानावर येतील, आणि आपल्या घराला काही इभ्रत आहे.

पालथ्या घड्यावर पाणी. हॉस्पिटलमधली एक नर्स बायकांना आमच्याकडे धाडायची, तोवर निभावलं. तिची बदली झाली आणि मापाच्या खोलीतला पडदा दिवसचे दिवस ओढायचं काम पडेना. त्या पानावरून चौकशी आली ती एकच. एका माणसाला डॉक्टरांचे हिरवे अंगरखे घाऊक भावात हवे होते.

अशातच नणंदबाई राहायला आल्या. नवऱ्याच्या या थोरल्या बहीण. आई लवकर गेल्यामुळे त्यांनीच त्याला लहानाचं मोठं केलं. आता दुसऱ्या शहरात असतात. मध्ये पोटाचं काहीतरी ऑपरेशन झालं, एवढंच आम्हाला फोनवर कळलं होतं. आल्या आल्या त्यांनी पिशवी खुंटीला अडकवायला हात वर केला, तेव्हा मी पाठीमागे उभी होते. हात अर्ध्यावरच थांबला. डावा खांदा उतरलेला. असे खांदे बघण्यात माझं आयुष्य चाललंय. मी काही न विचारता त्यांना मापाच्या खोलीत नेलं आणि पडदा ओढला. बटणं त्यांनीच सोडली.

आत पुरुषाचा पायमोजा होता. तांदूळ भरून गाठ मारलेला, सेफ्टी पिनांनी टाचलेला. त्याच्याखाली ऑपरेशनचा व्रण घासून घासून सोलवटला होता, आणि कपड्याचा दोरा त्याला चिकटला होता.

"नुसता मोजा वर सरकायचा गं," ताई म्हणाल्या. "म्हणून तांदूळ भरले."

ऑपरेशन झाल्यापासून त्या हेच घालत होत्या. भावाशी असलं कसं बोलायचं, म्हणून पोटाचं सांगितलं. निदान मला तरी सांगायचं, असं मी म्हटलं, आणि मग खरी गोष्ट बाहेर आली. मी काय शिवते हेच त्यांना ठाऊक नव्हतं. बायको शिवणकाम करते, एवढंच नवऱ्याने सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं. ताईंना वाटत होतं, पडदे आणि उशांचे अभ्रे.

"फोनवर किती शोधलं," त्या म्हणाल्या.

काय लिहून शोधलं, मी विचारलं. त्यांनी एकदा पडद्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"छाती काढली, आता आत काय घालू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण या बाईचा काही दोष नव्हता. तिच्या काखेतल्या कळशावर सख्ख्या भावानेच फडकं टाकून ठेवलं होतं. मी नवऱ्याला हाक मारली. तो पडद्याबाहेर येऊन उभा राहिला. मी हात बाहेर काढला आणि तो मोजा त्याच्या हातात ठेवला.

"धरा. तुमच्या इभ्रतीचं वजन आहे हे."

मग मी सगळं सांगितलं, त्याला न आवडणाऱ्या एकेका शब्दासकट. आवाज रस्त्यावर गेला असेल. जाऊ दे. तो म्हणाला, की ताईने एका शब्दाने तरी सांगायचं होतं. तो एक शब्द या घरात चालला असता का, असं मी विचारलं. मी त्याला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि पान उघडायला लावलं. जुनी ओळ त्याने पुसली. नवी लिहायला बोट उचललं आणि तिथेच अडकला. मग हळूच विचारतो कसा, 'वक्षस्थळ' लिहिलं तर चालेल का.

माझ्या तोंडात काय आलं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण तेवढ्यात ताई बाहेर आल्या. अंगात माझा सैल सदरा होता आणि आत काहीच नव्हतं. एक बाजू सपाट दिसत होती आणि त्यांनी ती झाकली नाही. त्या भावाच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या.

"छाती लिही," त्या म्हणाल्या. "काढलेली माझी आहे, तुझी नाही."

त्याने लिहिलं. मग मान वर न करताच विचारलं, की तू आणखी काय काय लिहून शोधलंस. ताई एकेक सांगत गेल्या. लोंबतो, टोचतं, लोक बघतात, घरात कुणाला कळू नये. तो मुकाट्याने लिहीत गेला.

मी त्यांच्या मापाची उशी भरायला घेतली. रागाच्या भरात टाका वाकडा पडत होता, उसवून पुन्हा घालावा लागत होता. उशी त्याच दिवशी तयार झाली. पण तो व्रण भरेपर्यंत ताईंना ती अंगाला लावता येणार नव्हती.