गॉर्डनची शेवटची दहा मिनिटं

ब्रॅकनशॉ अ‍ॅथलेटिकचा सामना संपायला दहा मिनिटं उरली, की गॉर्डन उठायचा. खांबाशेजारच्या आपल्या जागेवरून, टोपी नीट करत, लोकांच्या गुडघ्यांना धक्के देत पायऱ्या उतरायचा आणि चालता व्हायचा. क्लब जिंकत असो, हरत असो, आभाळ कोसळत असो, तो थांबायचा नाही. गावात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. "गॉर्डन उठला रे, आता गोल होणार," असं लोक म्हणायचे, आणि मेला तो गोल बरेचदा व्हायचाही. एका वर्षी कपच्या सामन्यात अ‍ॅथलेटिकनं लंडनच्या एका बड्या क्लबला अगदी शेवटच्या क्षणी लोळवलं. अख्खं गाव वेडं झालं. तो गोल पाहिला नाही तो एकट्या गॉर्डननं. पबमध्ये त्यावरून वर्षानुवर्षं त्याची टिंगल झाली. "बसला गर्दी होते रे," एवढंच तो हसून म्हणायचा.

आता गंमत अशी, की त्याचं घर मैदानापासून दोन गल्ल्यांवर. बस कुठली नि काय कुठलं. शिवाय एवढ्या लवकर उठूनही तो घरी पोचायचा मात्र सगळ्यांच्या बरोबरच.

ही दुसरी गोष्ट गावाला ठाऊक नव्हती. ती फक्त त्याच्या बायकोला, एनिडला ठाऊक होती, आणि तिनं ती जन्मभर पोटात ठेवली. गेल्या हिवाळ्यात गॉर्डन वारला. थडग्याच्या दगडावर नाव आणि तारखा कोरून झाल्या, पण त्याखालची ओळ एनिड काही सांगेना. दगडवाला फोन करकरून थकला. शेवटी क्लबच्या लाय लेन मैदानावरचा शेवटचा सामना ज्या शनिवारी होता, त्या शनिवारी सकाळी तिनं आपल्या मुलीला, लॉरेनला, स्वयंपाकघरात बसवून सगळं सांगितलं.

"अगं आई, बाबा आणि दुसरी बाई?" लॉरेन म्हणाली. "त्यांना तुला नाचायला चल म्हणायला तीन महिने लागले होते. तूच सांगतेस ना."

"कॉफी," एनिड म्हणाली.

"काय कॉफी?"

"सामन्याहून आला की तोंडाला कॉफीचा वास यायचा. या घरात कधी कॉफी आली नाही. मैदानावर चहाशिवाय काही मिळत नाही. मग पाजायची कोण?" एनिडनं चहाचा कप बाजूला सारला. "आणि तो कपचा सामना. गोल पाहिला नाही म्हणे. मग घसा कसा बसला होता? दोन दिवस तोंडातून शब्द फुटत नव्हता."

लॉरेन म्हणजे सत्तावन्न वर्षांची बाई, शाळेत मुलांना इतिहास शिकवणारी, पण आपल्या बापाच्या घशाचा विचार तिनं कधी केला नव्हता. "मग विचारलं का नाहीस?"

"त्यानं सांगितलं असतं म्हणून. त्याला खोटं बोलता यायचं नाही. बसचं तेवढं एक बोलायचा, ते किती वाईट बोलायचा ते बघ." ती खिडकीबाहेर पाहत राहिली. "दगडावर सगळे 'प्रेमळ पती' लिहितात. मलाही उद्या त्याच दगडाखाली जायचंय, लॉरेन. वर खोटं कोरून खाली मी झोपणार नाही. आज तू त्याच्या जागेवर बस. तो उठायचा तेव्हा ऊठ, तो जायचा तिकडे जा. जी कोण असेल ती आज शेवटचं मैदान बघायला येईलच. मला फक्त कळू दे."

लॉरेननं बापाची टोपी घातली आणि निघाली.

लाय लेन त्या दिवशी गर्दीनं फुटायची बाकी होती. साबणाच्या कारखान्यातल्या कामगारांनी काढलेला हा क्लब, म्हणून सगळे त्यांना साबणवाले म्हणतात. एके काळी साबणवाले पहिल्या श्रेणीत खेळायचे आणि भलेभले क्लब इथं येऊन नाक घासून जायचे. मग १९६१ सालची ती दुपार आली. सामना बरोबरीत सुटला असता तरी क्लब पहिल्या श्रेणीत टिकला असता. अगदी शेवटी एक लोळत आलेला, कुणाच्या आजीनंही अडवला असता असा चेंडू गोलकीपर विल्फ हॅलमच्या हातांतून सुटला आणि जाळ्यात गेला. क्लब खाली गेला तो गेलाच. तिथून सगळी घसरगुंडी. खालची श्रेणी, मग त्याच्याही खालची. कारखाना बंद पडला. एकदा तर दिवाळंच निघायचं, पण गावानं रस्त्यावर बादल्या फिरवून क्लब वाचवला. आणि आता मैदान विकलं गेलं होतं. तिथं घरं होणार, क्लब गावाबाहेर मोठ्या रस्त्याकडेच्या नव्या पत्र्याच्या मैदानात जाणार.

विल्फला गावानं कधी माफ केलं नाही. त्याच्यावर एक गाणं झालं, आणि ते म्हणत ब्रॅकनशॉच्या पोरींच्या तीन पिढ्या दोरीवरच्या उड्या मारत वाढल्या. लॉरेनही वाढली.

विल्फभाऊ, विल्फभाऊ, हात कशानं धुतला?
साबण राहिला बोटांवर नि चेंडू हातून सुटला!
चेंडू गेला जाळ्यात, क्लब गेला गाळात,
विल्फभाऊ, विल्फभाऊ, बसा आता घरात!

हे गाणं रचलं होतं एनिडनं. वयाच्या विसाव्या वर्षी, सामना पाहून घरी येता येता. तिला त्याचा कोण अभिमान. नाताळला दोन घोट पोटात गेले की ती टेबलावर चमच्यानं ठेका धरून म्हणून दाखवायची, आणि गॉर्डन तेवढ्यात भांडी घासायला उठायचा. लॉरेनला वाटायचं, बाबा किती कामसू.

सामना अगदीच रटाळ होता. ना यांना गोल करता येत होता ना त्यांना. लॉरेनचं लक्ष खेळात नव्हतंच, ते घड्याळाकडे होतं. दहा मिनिटं उरली तशी ती उठली.

"अरे, गॉर्डनची पोरगी उठली," मागून कोणीतरी ओरडलं. "आता गोल होणार बघा." अख्खी रांग हसली. लॉरेन मात्र टोपी खाली ओढत निघाली. आपण जे शोधायला निघालो ते सापडलं तर आईला काय सांगायचं?

पायऱ्या उतरून ती कालव्याकडच्या मोठ्या दारापाशी आली. डगी नावाचा दारवान कडी काढत होता. शेवटची दहा मिनिटं राहिली की हे दार उघडतात, गर्दीला बाहेर पडायला सोपं जावं म्हणून. पूर्वी त्या वेळी खिसा रिकामा असलेली मंडळी याच दारानं फुकटात आत घुसायची.

"तुझे बाबा इथूनच जायचे," डगी म्हणाला.

"पुढे कुठे?"

"मला काय ठाऊक? मी दार उघडतो, लोकांच्या मागे मागे जात नाही."

लॉरेन बाहेर पडली. समोर कालवा, बाजूला मैदानाची विटांची भिंत, चिटपाखरू नाही. आणि मग तिला वास आला. कॉफीचा.

भिंतीच्या कोपऱ्यात एक म्हातारा उलट्या खोक्यावर बसला होता. उंच, वाळलेला, हातात थर्मास. हात एवढे मोठे, की थर्मास त्यांत खेळण्यातला वाटत होता. शेजारी दुसरं एक खोकं होतं, रिकामं.

"टोपी ओळखली मी," तो म्हणाला. "गॉर्डनची पोर ना तू? बस. काय झालं आत?"

"शून्य-शून्य," लॉरेन म्हणाली, आणि मग जिभेवर होतं ते बाहेर पडलं, "तुम्ही कोण?"

"विल्फ."

१९६१च्या त्या दुपारनंतर ब्रॅकनशॉत कोणी पोराचं नाव विल्फ ठेवलं नव्हतं. पुढे विचारायची गरजच नव्हती. लॉरेन रिकाम्या खोक्यावर बसली.

"मी शेजारच्या गावी राहायला गेलो. पण सामन्याच्या दिवशी पाय इकडेच वळायचे," तो सांगू लागला. "गॉर्डन पाहायचा ते सगळं मला येऊन सांगायचा. शेवटची दहा मिनिटं आम्ही मिळून ऐकायचो. दार उघडलं की इथून एवढं दिसतं, बघ."

लॉरेननं पाहिलं. उघड्या दारातून हिरवळीची एक पट्टी दिसत होती आणि गोलचा एक पांढरा खांब. कालव्याकडचा गोल. १९६१चा तो चेंडू याच गोलात गेला होता.

"आत का नाही येत तुम्ही?"

"शपथ घेतली होती. क्लब परत वर गेल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही." तो खांदे हलवत हसला. "वाटलं, दोन-तीन वर्षांची तर गोष्ट आहे."

"आणि तो कपचा सामना?"

"इथं नाचलो दोघं. ओरडून ओरडून घसे बसले. माझा गुडघा तेव्हापासून धड नाही." त्यानं पेल्यात कॉफी ओतून तिच्या हातात दिली. "तो गेल्याचं पेपरात वाचलं. मातीला आलो नाही. तुझ्या आईला नको वाटलं असतं. एनिड बरी आहे ना?"

"बरी आहे," लॉरेन म्हणाली. याच माणसाच्या नावावर आपण दोरीवर उड्या मारल्या, हे तिला एकदम आठवलं आणि तिला स्वतःची शरम वाटली. आत शिट्टी वाजली. साबणवाल्यांचा लाय लेनवरचा शेवटचा सामना बरोबरीत सुटला. १९६१ला हवी होती ती बरोबरी.

"तुम्ही थोडा वेळ इथंच थांबाल?" तिनं विचारलं.

"मला कुठं जायचंय? आज बसला गर्दी असेल," विल्फ म्हणाला.

घरी एनिड रेडिओ बंद करून दाराकडे तोंड करून बसली होती. लॉरेननं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आईचा जीव भांड्यात पडेल, असं तिला वाटलं होतं. पण एनिडचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"विल्फ हॅलम," ती म्हणाली. "इतकी वर्षं."

"हो. बाई नव्हती, आई. तू उगाच जन्मभर..."

"बाई असती तर बरं झालं असतं गं," एनिड म्हणाली. तिनं आपल्या काठीच्या मुठीवर अंगठा घासला. "मी टेबलावर चमचे वाजवायची आणि तो भांडी घासायला उठायचा." मग तिनं विचारलं, "आहे का तो अजून तिथं?"

"आहे. लोक आत खुर्च्या उपटतायत आठवण म्हणून. बाहेर कोणी आलंच नाहीये."

"कोट आण माझा."

लॉरेननं तिला गाडीतून कालव्यापर्यंत नेलं. पुढे एनिड काठी टेकत टेकत आपली आपणच चालली, मागून येणाऱ्या लॉरेननं आधार दिला तर तिचा हात झटकून टाकला. तिला येताना पाहून विल्फ उभा राहिला. त्याला उभं राहायला वेळ लागला. दोघं एकाच शाळेतले, पण शाळेनंतर समोरासमोर आले ते आज.

"गॉर्डन का यायचा तुझ्याकडे?" एनिडनं विचारलं. रामराम नाही, श्यामश्याम नाही.

"पहिल्यांदा आला तो माफी मागायला," विल्फ म्हणाला. "म्हणाला, ते गाणं माझ्या बायकोनं केलंय. मनानं वाईट नाही ती, पण शब्द सुचले की तोंडात मावत नाहीत तिच्या. तिच्या वतीनं मी माफी मागतो. मी तेव्हा रागात होतो. म्हटलं, तुझी माफी काय करायचीय मला? तिला पाठव."

"मला कधी बोलला नाही तो."

"ठाऊक आहे. म्हणायचा, सांगून आणली तर काय उपयोग, तिनं आपणहून यायला हवं. मग दर सामन्याला यायचा सांगायला, की आज नाही, पण येईल. मी म्हणायचो, नाही येत ती. तो म्हणायचा, तू तिला ओळखत नाहीस."

 आयुष्यात पहिल्यांदा एनिडला शब्द सुचत नव्हते, हे लॉरेननं पाहिलं.

"आले," एनिड शेवटी म्हणाली. "उशीर केला. चुकलं माझं, विल्फ. फार चुकलं."

विल्फनं मान हलवली. त्याचे डोळे भरले होते आणि ते पुसायची त्यानं काही खटपट केली नाही. थर्मासमधली उरलेली कॉफी त्यानं पेल्यात ओतून एनिडला दिली. आत लोक गवताचे तुकडे कापून पिशव्यांत भरत होते. डगीनं दारातून डोकं बाहेर काढलं, तिघांकडे पाहिलं आणि कुलूप खिशात टाकून तो परत आत गेला.

"आत येतोस?" एनिडनं विचारलं. "आता कोण काय म्हणणार आहे?"

"नको. शपथ ती शपथ. इथून दिसतं तेवढं पुष्कळ आहे."

"मग सरक जरा," ती म्हणाली, आणि गॉर्डनच्या खोक्यावर बसली. तिथून तो पांढरा खांब नीट दिसत होता. तिनं कॉफीचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं, पण पेला खाली ठेवला नाही.

"लॉरेन," ती खांबावरची नजर न काढता म्हणाली, "सोमवारी त्या दगडवाल्याला फोन कर. 'प्रेमळ पती' लिही म्हणावं. आणि अक्षरं मोठी काढ म्हणावं."