दोन आकड्याची रांग

या, असे पुढे सरकून बसा. मागच्या बाकावर गोष्ट ऐकू येते, पण पोचत नाही. आमच्या पास्टर गेन्सबाई प्रवचनाला उभ्या राहिल्या की आधी हेच सांगतात. मग बोलता बोलता त्यांचा आवाज केव्हा सुराला लागतो आणि आपण केव्हा टाळ्या धरतो ते कळतही नाही. माझ्याकडे तो गळा नाही. पण थिओडिस क्रम्प्लरची एक गोष्ट आहे, ती मनापासून सांगतो.

"आला बघ तुझा पाहुणा," थिओडिसचा दोस्त ऑर्विल म्हणाला.

थिओडिसनं मान वळवली नाही. तो आपल्या निळ्या मुस्टँग गाडीची काच पुसत होता, आणि त्या काचेतच त्याला पाहुणा दिसला. कॅनडातल्या ऑन्टॅरिओच्या नंबरपाटीची राखाडी चॅलेंजर गाडी चर्चच्या अंगणात शिरली आणि कुणी न सांगता मागच्या रांगेत, गल्लीच्या फाटकाजवळ जाऊन उभी राहिली.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी डेट्रॉइटच्या पूर्वभागातले गाडीवेडे आमच्या अंगणात जमतात. नियम थिओडिसचा. पुढच्या काचेच्या कोपऱ्यात चासी नंबर असतो. त्याचा पहिला आकडा एक असेल तर गाडी या देशात जन्मली, ती पुढच्या रांगेत, चर्चच्या दाराशी. आकडा दोन असेल तर ती नदीपलीकडची, कॅनडातली, ती मागे. नवी गाडी आली की थिओडिस फडकं घेऊन जायचा, "काच जरा मळलीय हो," म्हणत प्रेमानं पुसायचा आणि नंबर वाचून यायचा. सगळ्यांना ही युक्ती ठाऊक होती, तरी काच पुसून मिळते म्हणून कुणी बोलत नसे.

"तुझा नियम म्हणजे सासूचा न्याय," ऑर्विल म्हणाला. त्याची दोन हजार बारा सालातली कॅमॅरो, म्हणून तो चिडलेला. "कॅमॅरोसारखी अस्सल अमेरिकन गाडी नाही, आणि मी बसतो कचऱ्याच्या डब्यांशेजारी."

"तुझी कॅनडात, ओशावाला जन्मली, त्याला मी काय करू? पुढच्या पिढीची, इकडच्या लान्सिंगची घ्यायची होतीस."

"आणि तुझ्या मुस्टँगच्या पोटातल्या सामानाचे पासपोर्ट तपासलेस कधी? अर्धं सामान सीमा ओलांडून येतं."

"जोडली कुठं ते बघायचं. इथंच, फ्लॅट रॉकच्या कारखान्यात, या हातांनी."

हे भांडण दर महिन्याचं. भाकरीबरोबर ठेचा हवा तसं ते त्यांना हवंच असायचं. पण त्या दिवशी थिओडिसचं लक्ष त्यात नव्हतं.

त्याचं असं झालं होतं. ऑगस्टच्या शनिवारी सगळे तळघरात तळलेल्या माशांच्या पंगतीला बसले असताना मागच्या रांगेतून एक नारिंगी चॅलेंजर चोरीला गेली. ती लव्हॉनची, थिओडिसच्या सख्ख्या भाचीची. इस्पितळात रात्रपाळ्या करून घेतलेली गाडी. ती फाटकाशी कुणाच्या नियमानं उभी होती हे लव्हॉननं एकदाही बोलून दाखवलं नाही, आणि तेच थिओडिसला जास्त लागत होतं. वर पास्टरबाईंनी बजावलं, "ब्रदर थिओडिस, पुन्हा असं घडलं तर अंगण बंद. शेजारी मला बोल लावतात." बायको गेलेली, कारखाना सुटलेला, थिओडिसच्या महिन्यात उजाडायला तो एकच शनिवार उरला होता.

अशा वेळी माणूस चोर शोधत नाही, चोर ठरवतो. आणि ठरवायला हा पाहुणा आयताच होता. एग्बर्ट फेअरवेदर त्याचं नाव. म्हातारा, डोक्यावर विणलेली टोपी, बोली जमैकाची. नदीवरचा पूल ओलांडून यायचा, कुणाशी फारसं बोलायचा नाही. इंजिनाची चौकशी नाही, वेगाची बढाई नाही. नुसता चॅलेंजर गाड्या हेरत फिरायचा. कुणाची डिकी उघडी दिसली की वाकायचा आणि कडेला हात घालायचा.

"जुलैत मी याला लव्हॉनच्या गाडीपाशी पाहिला," ऑर्विल हळू आवाजात म्हणाला. "डिकीत कोपरापर्यंत हात. आणि डोळे मिटलेले. देवाशपथ. पुढच्याच महिन्यात गाडी गायब."

"तेव्हाच का नाही बोललास?"

"मला वाटलं, म्हाताऱ्याची पाठ धरली असेल."

चर्चमध्ये गायकवृंदाची तालीम सुरू झाली. पाहुणा उतरला, चालत एका किरमिजी चॅलेंजरपाशी गेला. मालक कॉफी आणायला गेला होता, डिकी उघडी. म्हाताऱ्यानं इकडेतिकडे पाहिलं. मग खिशातून लाकडाची एक चपटी काडी काढली, वाकला आणि हात आत घातला.

थिओडिसनं फडकं खांद्यावर टाकलं. इतका वेळ धरलेला धीर एका दमात संपला. तो पोचला तेव्हा म्हाताऱ्यानं डिकीच्या कडेचं रबर टोकापासून वीतभर उचललं होतं.

"अहो पाहुणे," थिओडिसनं त्याचं मनगट धरलं. "हात दाखवा."

काडी खाली पडली. लोक जमले. लव्हॉनही आली, दवाखान्याच्याच कपड्यांत.

"काय शोधत होता?" थिओडिस म्हणाला. "जुलैत नारिंगी गाडीत हात घातलात. ऑगस्टमध्ये ती गेली. आता हिची पाळी?"

म्हातारा त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. "नारिंगी गेली?" तो म्हणाला. "चोरीला?"

"वा! यांना माहीतच नाही," ऑर्विल म्हणाला.

"मला वाटलं, विकली असेल. ऑगस्टमध्ये मी नव्हतो, ताप होता." तो किरमिजी गाडीच्या बंपरवर टेकला. कुणाच्या बंपरवर असं विचारल्याशिवाय बसत नाहीत, पण त्याला कुणी उठवलं नाही. थिओडिसनं मनगट सोडलं नव्हतं.

"तुम्ही कारखान्यात होता ना?" म्हाताऱ्यानं विचारलं. "काच पुसायला येता तेव्हा दुसरा हात दारावर असतो तुमचा. दार दाबून बघता. कुठल्या कामावर होता?"

"दारांच्या. उभा जन्म. त्याचं इथं काय?"

"खूण कुठली होती?"

थिओडिसला प्रश्न कळला. गाडी जोडण्याच्या लाइनवर काम पुरं झालं की रंगाच्या पेनानं आपली खूण करायची, म्हणजे चूक निघाली तर कुणाची ते कळावं. पुढे त्यावर रबर बसतं, अस्तर बसतं, खूण कायमची झाकली जाते. मालकाला जन्मात दिसत नाही.

"हिरवी चंद्रकोर," तो म्हणाला. "बिजागरीच्या आत."

"शोधता का कधी?"

उत्तर ऑर्विलनं दिलं, आणि पहिल्यांदाच चिडवण्यासाठी नव्हे. "प्रत्येक मुस्टँगमध्ये शोधतो. काच पुसणं नुसता बहाणा."

थिओडिसची पकड आपोआप सुटली.

"माझी बायको इसिल्डा ब्रॅम्प्टनला, चॅलेंजर बनायची त्या कारखान्यात, लाइनवर होती," म्हातारा सांगू लागला. "डिकीचं रबर बसवायची. बसवण्याआधी पिवळ्या रंगाचा छोटा क्रॉस काढायची आणि त्याच्या खाली एक टिंब. क्रॉस देवाचा, टिंब तुमचं, मला म्हणायची. तुम्हाला देवाच्या पायाशी बसवून पाठवते रोज. ती गाडी बनायची बंद झाली, त्याच हिवाळ्यात ती गेली. मी ही राखाडी घेतली, जुनीच. घरी आणून पहिलं रबर उचललं. खाली काहीच नव्हतं. दुसऱ्या पाळीत जोडलेली निघाली."

त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आमच्याकडून निघालेल्या गाड्या बहुतेक पूल ओलांडून इकडंच आल्या. म्हणून येतो. विचारायला हवं होतं, खरंय. पण काय विचारणार? तुमच्या गाडीत माझी बायको आहे का, बघू?" त्यानं गुडघ्यावरची टोपी सारखी केली. "एकदाच सापडली. त्या नारिंगीत. क्रॉस आणि टिंब. तिचा हात जरा डावीकडे कलायचा, तसाच कललेला. मी रबर नीट बसवून ठेवलं, पाणी शिरू नये म्हणून. वाटलं, जागा कळलीय, पुन्हा येऊ. सगळं एका दिवसात कशाला संपवायचं."

आतली तालीम कडव्यावर येऊन थांबली होती. लव्हॉन पुढे आली आणि त्याच्याशेजारी बंपरवर बसली.

"काका, मला पैसे मिळाले हो विम्याचे," ती म्हणाली. तिचं नुकसान भरून निघालं होतं, त्याचं नाही.

किरमिजी गाडीचा मालक दोन्ही हातांत कॉफी घेऊन केव्हाचा मागे उभा होता. त्यानं एक पेला म्हाताऱ्याच्या हाती दिला. "बघा ना," तो म्हणाला. "उचला रबर."

थिओडिसनं खाली पडलेली काडी उचलली, फडक्यानं पुसली आणि म्हाताऱ्याला दिली. मग स्वतः वाकून रबराची कड धरून ठेवली, जशी लाइनवर समोरचा जोडीदार धरतो. एग्बर्ट वीत वीत पुढे सरकला. खाली जांभळी खूण निघाली, कुणा दुसऱ्याची. दोघांनी मिळून रबर पुन्हा दाबून बसवलं. चारही बाजूंनी, अंगठ्यानं, घाई न करता.

"गाडी पुढे आणा," थिओडिस म्हणाला. "दाराजवळ. माझ्या शेजारी."

"नको. दोन आकड्याची आहे. नियम तुमचाच."

"नियम मीच केला, मीच मोडतो."

"एका माणसापुरता मोडलेला नियम म्हणजे भीक," एग्बर्ट म्हणाला, पण गोड आवाजात. "मी तिथं बरा आहे. फाटकातून नदीकडचा वारा येतो."

थिओडिसनं फडकं पुन्हा खांद्यावर टाकलं. मग पुढच्या रांगेत गेला, मुस्टँग चालू केली आणि सगळ्यांच्या देखत मागे आणून फाटकाला आडवी लावली, अशी की तिला हलवल्याशिवाय एकही गाडी गल्लीत जाऊ नये. ऑर्विल तोंड उघडून बघत होता.

"कचऱ्याच्या डब्यांशेजारी स्वागत आहे," तो म्हणाला.

"गप बस, ओशावा," थिओडिस म्हणाला आणि घडीच्या दोन खुर्च्या उघडल्या.

नारिंगी गाडी काही सापडली नाही. बर्फ पडायच्या आधी एग्बर्ट लेकीकडे राहायला दूर कॅल्गरीला गेला. थिओडिसची जागा अजून फाटकातच आहे. चॅलेंजर आली की तो फडकं घेऊन जातो, पण आता काच पुसत नाही. टोपी काढतो आणि मालकाला सरळ विचारतो, डिकीचं रबर जरा उचलू का. बहुतेक लोक हो म्हणतात.

तर मंडळी, एवढंच मागतो. कधी पावसात गाडीतून सामान काढाल आणि आतलं सगळं कोरडं निघेल, तेव्हा डिकी लावण्याआधी क्षणभर थांबा. कुठल्या देशाची गाडी ते राहू द्या. इसिल्डा फेअरवेदर नावाच्या बाईची एकदा आठवण काढा.