घरचं म्हणणं

"आमच्या घरचं म्हणणं असं हाय, की वालूर गाव सोडायचं न्हाई. बस्स!" अण्णांनी निकाल दिला आणि बशीतला चहा फुर्रकन ओढला.

माझा धाकटा भाऊ जीवन परभणीला शाळेत मास्तर आहे. तिथं त्याला चांगलं घर मिळत होतं. शेत बटईनं, वाट्यानं कसायला दिलेलंच, तेव्हा माय-अण्णांनी आपल्यासोबत राहावं म्हणून तो विचारायला आला होता. घरमालकाला संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

"घरचं म्हंजे कुनाचं?" मी मधेच तोंड घातलं.

"कुनाचं म्हंजे? समद्यांचं!"

आमचे अण्णा, दत्तराव, म्हणजे घराचं तोंड. सोयरीक असो की भाजीतलं मीठ, बोलणार तेच. माणूस लोण्यासारखा मऊ, पण दुसऱ्याला बोलायला फट म्हणून ठेवायचा नाही! माय, सगुणाबाई, पलीकडं सुपात डाळ निवडत होती. तिच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही.

मी पुण्याच्या प्रयोगशाळेतून सुट्टीला आलेली. माझी जीभ वळवळायला लागली.

"अण्णा, मी पुण्यात काय काम करते, ठाऊक हाय का?"

"दुर्बिनीतून बगतीस कायतरी."

"गाईच्या कासेतल्या पेशी बगते. परत्येक पेशीत डीएनएची पोथी एकच असती. पन जी ती आपल्या कामाचं पान उघडती अन् त्याच्या चिठ्ठ्या काढती. त्या चिठ्ठ्यांना आरएनए म्हनतेत. त्या वाचल्या की पेशी आत्ता काय करायलीय ते कळतं."

"मग वाचा की."

"आधी समद्या पेशी एकत्र वाटून लगदा करायचे अन् चिठ्ठ्यांचा ढीग वाचायचे. निघायची ती सरासरी. एखादी पेशी वेगळंच बोलायली असली, तर ती ढिगात गडप! आता आमी एकेक पेशी सुटी करतो, इवल्याशा थेंबात एकटी ठिवतो अन् तिच्या चिठ्ठ्यांवर तिच्या नावाची खूण टाकतो. मग चिठ्ठ्या किती का मिसळंनात."

"लग्नातल्या भांड्यावानी," माय एकदम म्हणाली. "गावची भांडी एका जागी आली, तरी नावं कोरलेली असतेत. ज्याचं त्याला जातंय."

"आगं माय माय माय!" मी तिला टाळीच दिली. "अगदी तसंच! आज आपलं घर तपासू. एकेकानं आतल्या खोलीत यायचं अन् आपापलं सांगायचं."

"फजूल चाळे," अण्णा पुटपुटले. पण हसत होते.

जीवनचं म्हणणं उघडच होतं. मग माय आत आली. आल्याआल्या म्हणाली, "कडी लाव."

मी कडी लावली.

"मला जायचंय," ती म्हणाली. "मला स्कूटी शिकायचीय. हितं शिकले तर समदं वालूर तमाशा बगायला येईल. तिथं पडले तरी कोन वळखतंय?"

तोंडाला पदर लावून ती इतकी हसली की खोकला आला. मीही हसले. माझी माय, आणि मला हे आज कळत होतं!

"मी सांगू बाहेर?"

"मीच सांगते."

तिनं सांगितलं. स्कूटीसकट. अण्णा तिच्याकडं वळले.

"आगं, पन तू कवा बोलली न्हाईस!"

"तुमीच बोलायलाव की, तीस वर्षं झाले. मधी कुठं घुसू?"

जीवन हसून हसून भिंतीला टेकला. अण्णांनाही हसू आवरेना. "घ्या! जाऊ की मग. शिकू द्या बाईला गाडी."

घरमालकाला कळवायला जीवननं लगेच मोबाईल काढला.

"थांब रे," मी म्हणाले. "अण्णा ऱ्हायलेत. अण्णा, तुमचं काय?"

"जाऊ म्हनलो की."

"ते मायसाठी. तुमचं सोताचं सांगा."

"आमच्या घरचं..." अण्णांनी जोरात सुरुवात केली आणि थांबले. "माझं म्हंजे..." ते पुन्हा थांबले. त्यांनाही कुणी कधी विचारलं नव्हतं. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली आणि टोपीची घडी नीट करू लागले.

मायनं जीवनला हातानंच फोन ठेवायची खूण केली. सूप बाजूला सारलं आणि ती अण्णांच्या शेजारी येऊन बसली.

"सावकास सांगा," ती म्हणाली. "न्हाई म्हनायचं असलं तरी सांगा. मी ऐकायलेय."