खुर्चीला कुठला रोग?

“तुमच्या सासऱ्यांचा तळवा रोज तुम्हीच बघा. दुखत नाही म्हणाले तरी,” मधुमेहाच्या डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं. कृतिका तेव्हा त्यांच्या टेबलावर चढत होती. तिला खाली ओढता ओढता मी नुसतं “हो, हो” केलं.

तळवा बघायचा राहूनच गेला. त्याचं फळ म्हणून एका रविवारी मी शहाडला श्वानस्वामींच्या मंडपात, कडेवर साडेतीन वर्षांची कृतिका घेऊन. समोर खुर्चीत सासरे, म्हणजे अण्णा, जखमेचा पाय पुढे करून. मागे पार दिवा स्टेशनापासून आलेली गर्दी. उदाचा धूर इतका, की डाससुद्धा समाधीत गेले असावेत.

“दत्तगुरूंच्या पायाशी चार श्वान, म्हणजे चार वेद!” श्वानस्वामी माइकवर गरजले. “त्यातला हा चौथा! ज्याला चाटेल त्याची व्याधी नेईल!”

“बाकीचे तीन डोंबिवलीत शाखा काढतायत वाटतं,” मी पुटपुटले.

“गप गं! मागच्या रविवारी चाटलं, अजून दुखलेलं नाही,” अण्णा म्हणाले.

मधुमेहानं तळव्याची जाणीवच गेलेली, दुखणार कसं?

सेवकानं वाटीतला ओला अंगारा जखमेभोवती चोपडला.

“आई, जवळा!” कृतिका किंचाळली. “मला पण!”

मी वाकून वास घेतला. आमचं नाक कोकणातलं. उदाला थोडंच फसणार? सुक्या जवळ्याची, म्हणजे बारीक कोळंबीची, भुकटी होती!

कुत्रा सुटायच्या आत मी बाटलीतल्या पाण्यानं अण्णांचा पाय धुतला आणि वाटीतला बोटभर अंगारा शेजारच्या रिकाम्या खुर्चीला फासला. चौथा वेद अण्णांना ओलांडून थेट खुर्चीवर. चाट, चाट, चाट!

“स्वामी, खुर्चीला काय झालंय ओ? संधिवात?” मागून कुणीतरी विचारलं. मंडप हसला. स्वामींचा माइक अचानक बिघडला.

अण्णा मात्र हसले नाहीत. “म्हणजे… जखम बरी नाही झाली?”

मी पाय उचलून पाहिला. करंगळी काळी पडली होती.

हॉस्पिटलात करंगळी गेली, पाय वाचला. रेबीजची इंजेक्शनंही घ्यावी लागली. कुत्र्याच्या लाळेतून तो उघड्या जखमेत शिरू शकतो.

कुत्र्याचा काय दोष? पिल्लू आईचं तोंड चाटून खाऊ मागतं. मोठं झाल्यावर ते घामाच्या खारटपणासाठी चाटतं, खाण्याच्या वासासाठी चाटतं, लाडानंही चाटतं. आपण हसून गोंजारलं की पुन्हा चाटतं. त्यात प्रेम असेल, औषध नाही.

तुमच्या घरात, शेजारी कुणी मधुमेही असेल ना? आजच जा, त्यांचे मोजे काढायला लावा, तळवा बघा. “दुखत नाही” म्हणाले, तर आधी बघा.