गुणाजीचे पाय

कळव्याच्या खाजणात गुणाजीच्या पायांचं नाव होतं. कुणी गळ्यानं ओळखला जातो, कुणी हाताच्या कसबानं. गुणाजी पायांनी ओळखला जाई.

दिवाळी सरली की मिठागरात साचलेलं पावसाचं पाणी काढून टाकायचं आणि वाफ्यांचा तळ तुडवायला घ्यायचा. गडी ओळीनं उभे राहून ओला चिखल उघड्या पायांनी दाबत जात. तळ इतका टणक व्हायला हवा, की वर खाडीचं पाणी घेतलं तरी ते गढुळता कामा नये. तळ कच्चा राहिला तर मिठात माती येते, आणि मातकट मिठाला कुणी विचारत नाही. पण तळ पुरा झाला हे ओळखायचं कसं, ते कुणालाच नीट सांगता येत नसे. गुणाजी वाफ्याच्या मधोमध उभा राही, टाचा जराशा उचलून पुन्हा टेकवी आणि म्हणे, "झाला." मग त्यावर कुणी शब्द काढत नसे.

खाडीवर आगगाडीचा पूल बांधला जात होता तेव्हा गुणाजी शेंबडं पोर होता. बापाचं बोट धरून तो वाफ्यात उतरला तो उतरलाच. पुढं मुकादम झाला, लग्न झालं, एक मूल होऊन गेलं आणि पुन्हा झालं नाही. पुतण्या आनंदा यालाच त्यानं मुलासारखं वाढवलं. पण मनातलं सगळं सांगायचं ते त्यानं त्या चिखलालाच सांगितलं असावं, असं त्याची बायको शेवंती थट्टेनं म्हणे.

चाळिशी उलटली आणि त्याला तहान लागायला लागली. डेरा भरून ठेवावा आणि दुपारपर्यंत त्याचा तळ दिसावा. अंग वाळत चाललं. परसात जिथं तो लघवीला बसे तिथं मुंग्यांची रांग लागे. शेवंतीनं ठाण्याच्या परशुरामशास्त्री वैद्यांना विचारलं. त्यांनी मधुमेह सांगितला, जांभळाच्या बियांची पूड दिली, गूळ आणि भात तोडायला सांगितला. गूळ सुटला. भात काही सुटेना.

पायांचं मात्र गुणाजीनं कुणाला सांगितलं नाही. आधी तळव्यांना मुंग्या आल्या. मग पायाखाली कुणी गोधडी अंथरल्यासारखं वाटू लागलं. आणि एका हिवाळ्यात तो सकाळी वाफ्यात उतरला, तेव्हा पाय पाण्यात आहेत हे त्याला डोळ्यांनी कळलं. तो तसाच उभा राहिला. गडी वाट बघत होते. त्यानं सवयीनं टाचा उचलल्या, टेकवल्या. खाली काहीच नव्हतं. "झाला," तो म्हणाला.

त्या वर्षी मीठ मातकट आलं. लोकांनी उधाणाला बोल लावला. गुणाजीही मान हलवत राहिला.

पुढच्या वर्षी काम उरकून तो संध्याकाळी घरी आला आणि ओट्यावर टेकला. शेवंती चुलीपासून उठून दारात आली. सकाळीच सारवलेल्या जमिनीवर उंबऱ्यापासून आतपर्यंत काळपट ठसे उमटले होते.

"अवो, ह्ये रगत कुनाचं?"

"कनचं रगत?"

तिनं त्याचा पाय मांडीवर घेऊन उलटा केला. अंगठ्याखाली कालवाच्या शिंपल्याचा तुकडा बोटाच्या पेराएवढा आत रुतला होता.

"दुखत नाय?"

"नाय."

"अजाबात नाय?"

गुणाजीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. "लय दिस झाले, गो. काईच नाय लागत. माती नाय, पानी नाय."

शेवंतीनं शिंपला उपसून काढला, हळद दाबली. तो हूं की चूं करत नव्हता. एरवी काटा काढताना शिव्या देणारा माणूस. 

जखम भरली नाही. अंगठा आधी सुजला, मग निळा पडला, मग काळा. घरात वास येऊ लागला. इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही, असं शेजारपाजार सांगत होता. शेवंतीनं कुणाचं ऐकलं नाही. आनंदाला होडी काढायला लावली आणि गुणाजीला खाडीपार ठाण्याच्या सरकारी इस्पितळात नेलं.

दाक्तरांनी अंगठा काढला. पाय वाचेल की नाही ते बरेच दिवस त्यांनाही सांगता येत नव्हतं. होळीच्या सुमारास जखम कोरडी झाली, तेव्हा त्यांनी शेवंतीला बाजूला बोलावलं.

"बाई, याच्या पायांना आता दुखणं कळत नाही. काटा रुतला, निखारा लागला, तरी याला समजणार नाही. तेव्हा रोज तुम्ही बघायचं. बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. आणि अनवाणी चालू द्यायचं नाही. अंगणातदेखील."

"मिठाच्या आगरात?"

"आगराचं तर नावच काढू नका."

त्या दिवसापासून शेवंतीनं ते पाय आपल्या ताब्यात घेतले. दिवेलागणीच्या आधी, उजेड असतानाच, ती त्याला ओट्यावर बसवी. पाणी कोमट आहे ना, ते आपल्या कोपरानं बघे. पाय धुवून जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यानं टिपून घेई, बेचक्यांत ओल राहू देत नसे. टाचांना खोबरेल चोळी, पण बोटांमध्ये नाही. मग तळवे उजेडाकडे धरून धान्य निवडावं तसे निरखून बघे.

मारुती न्हावी दाढी करून झाल्यावर सवयीनं नराणी घेऊन नखांकडे वळला, तेव्हा तिनं त्याला थांबवलं.

"पायांना हात नको लावू, मारुतीदादा."

"का गो वैनी? माजा हात कदी चुकलाय?"

"नाय चुकला. पन चुकला तं ह्यांना समजनार नाय."

मारुती वाईट वाटून घेऊन गेला. नखं मग तीच काढू लागली. पाण्यानं मऊ झाली की सरळ, बेतानं; कडेला खोल कधी शिरत नसे.

चांभारानं मऊ कातड्याच्या वहाणा करून दिल्या. त्या घालून गुणाजी गावात कुठंही जाऊ शकत होता. फक्त मिठागरात नाही. मीठ म्हणजे लक्ष्मी. तिच्या अंगावर वहाण घालून कुणी उतरत नसे. तो रोज बांधापर्यंत जाई आणि बाभळीखाली बसे. समोर वाफे चकाकत. बाया डोक्यावर पाट्या घेऊन मिठाच्या राशी रचत. त्याला त्या राशींचं काही नव्हतं. गडी चालताना त्यांच्या पावलांचा चपचप आवाज येई, तेवढ्याकडे त्याचे कान असत. कधीकधी तो वहाणेतल्या पायाची उरलेली बोटं हलवून बघे. बोटं हलत. ती दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी हलत.

"घरी चला," शेवंती न्यायला येई.

"चाल तू. येतो."

तिला ठाऊक असे, तो येणार नाही. मग तीही शेजारी बसून राही.

पुन्हा दिवाळी गेली. तळ तुडवायचं काम आता आनंदाकडे आलं होतं. दुपारचा तो बांधावर आला, पाय चिखलानं माखलेले, चेहरा उतरलेला.

"काका, तल झालाय का नाय, समजत नाय. गडी इचारतात. काय सांगू?"

 गुणाजी वाकला आणि वहाणेचा बंद सोडू लागला.

"थांबा," शेवंती म्हणाली.

"एकदाच, गो. एकदा उभा रातो."

"आनि समजंल तुमाला?"

त्याचा हात बंदावरच राहिला. तिनं मग लुगड्याचा काष्टा वर खोचला आणि वाफ्यात उतरली. तळ तुडवणं पुरुषांचं काम. गडी एकमेकांकडे बघू लागले. ती मधोमध जाऊन उभी राहिली.

"सांगा आता," ती तिथून म्हणाली. "काय करू?"

 आजवर गुणाजीला हे कुणाला सांगायची वेळच आली नव्हती.

"काय लागतं?"

"चिखल."

"चिखल सगल्यांनाच लागतो. कसा चिखल?"

तिनं डोळे मिटले. "वरनं गार. खाली जरा कोमट."

"टाच उचल. टेकव. आत जाते?"

"जात नाय. पन हलतं. भाकरीचं पीठ मलताना पानी मुरायचं राहिलेलं आसतं ना, तसं."

गुणाजीच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "कच्चा हाय," तो आनंदाला म्हणाला. "अजून तुडवा."

ती रोज उतरू लागली. तो बांधावरून विचारी, ती आठवून आठवून सांगे. पीठ घट्ट होत गेलं, मग सारवलेली ओली जमीन झाली. एका सकाळी ती वाफ्यात उभी राहिली आणि टाचा पुन्हापुन्हा उचलून टेकवत राहिली.

"काय गो?"

"उनात वाललेलं आंगन," ती म्हणाली. "अनवानी गेलं की चटका लागायच्या आदी जसं बरं वाटतं, तसं."

"झाला," गुणाजी म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक निघाला, की आनंदानं पुन्हा विचारलं.

त्या वर्षी मीठ पांढरंशुभ्र आलं. वाफ्यात मिठाचा पहिला रवा धरला आणि शेवंती त्यावर अनवाणी उभी राहून आली, त्या संध्याकाळी तिनं गुणाजीचे पाय धुतले, टिपले आणि तळवे उजेडाकडे धरून बघितले. कुठं काही नव्हतं.

"आज रवा टोचला तुला?" त्यानं विचारलं.

"टोचला. बारीक."

"कुठं?"

तिनं त्याच्या तळव्यावर, चवड्याच्या खाली, बोट टेकवलं. "हितं. आनि हितं, कडंला."

गुणाजी वाकून तिच्या बोटाकडे बघत राहिला.

"अजून सांग," तो म्हणाला.