तीन म

"ह्या मुरामामाच्या नावात एवढे म घालायची काय गरज होती," कोंडू केससमोर, छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांच्या खणपेटीसमोर, उभा राहून पुटपुटला. "एकात भागलं नसतं?"

माझं प्रुफांचं टेबल त्याच्यापासून दोन हातांवर. त्या दिवशी शुक्रवार होता, म्हणून मला ऐकू आलं. एरवी शेजारच्या गाळ्यातले लूम इतके खडखडतात की समोरच्याचं बोलणं आम्ही ओठांवरूनच ओळखतो. शुक्रवारी भिवंडीतले माग बंद असतात. मग माणूस स्वतःशी बोलला तरी अख्ख्या छापखान्याला कळतं.

मुरामामा म्हणजे मुरायामा, जपानचे पंतप्रधान. १९९५चा ऑगस्ट होता. महायुद्ध संपल्याला पन्नास वर्षं झाली म्हणून त्यांनी मंगळवारी जाहीर निवेदन केलं होतं. आपल्या देशाचं धोरण चुकलं, त्यात शेजारच्या देशांतल्या लोकांचे अतोनात हाल झाले, त्याबद्दल मनापासून माफी मागतो, असं. आमच्या दत्तोपंतांनी लगेच त्यावर अग्रलेख लिहायला घेतला. पंत निवृत्त शिक्षक. धामणकर नाक्यामागच्या ह्या गाळ्यातून वीस वर्षं साप्ताहिक काढत होते, आणि नाक्यावरच्या खड्ड्यांइतक्याच आत्मीयतेनं जगाच्या कारभारावर लिहीत होते. टोकियोपर्यंत आमचा अंक जात नव्हता. पंतांनी त्याची कधी खंत केली नाही.

अग्रलेख कडक होता. ह्या गृहस्थांच्या पक्षानं देशात सैन्य ठेवणं राज्यघटनेत बसत नाही असं अनेक वर्षं सांगितलं आणि खुर्चीवर बसल्यावर बसतं म्हणून सांगितलं, इथपासून सुरुवात. मग जानेवारीतल्या भूकंपात सरकारी मदत उशिरा पोचली, ते. आणि शेवटी माफी. धोरण चुकलं म्हणता, पण ते कोणी चुकवलं हे मात्र सांगत नाही, असा पंतांचा सवाल.

मी तो कागद वाचला आणि खाली ठेवला. कोंडूनं तो उचलून जुळवायला घेतला. त्याच्या तोंडावर काही दिसलं नाही. त्याच्या तोंडावर नऊ वर्षांत काही दिसलेलं नाही.

नऊ वर्षांपूर्वी आम्ही एक बातमी छापली होती. सरकारी दवाखान्यातून औषधं बाहेर गेली म्हणून एका परिचारिकेला निलंबित केलं, आणि खाली नाव छापलं द्रौपदीचं. द्रौपदी म्हणजे कोंडूची भाची, राहनाळच्या शेवंताची मुलगी, त्याच दवाखान्यातली. निलंबित झालेली बाई वेगळीच होती. पुढच्या अंकात आम्ही चौकट टाकली: 'मागील अंकात खिळे जुळवणाऱ्याच्या नजरचुकीमुळे मजकुरात चूक झाली. त्याबद्दल दिलगीर आहोत.' तोवर द्रौपदीची ठरलेली सोयरीक मोडली होती. वस्तीत जो तो म्हणाला, मामानंच भाचीचं नाव लावलं. शेवंतानं भावाला दार बंद केलं. विहारात वंदनेला दोघं यायची, पण ती बसायची पुढं आणि तो पार मागं, चपलांजवळ.

कोंडूनं एकदाच पंतांना सांगितलं होतं, "साहेब, एक वळ छापा. चूक कोंडूची न्हाय, एवढीच. शेवंताला दावीन."

"बघू," पंत म्हणाले होते. ते बघणं अजून चालू होतं.

आणि हा आमचा खिळ्यांवरचा शेवटचा अंक होता. पुढच्या आठवड्यापासून साप्ताहिक कल्याणला ऑफसेटवर छापून येणार, खिळे भंगारात आणि कोंडू घरी. आता ती ओळ छापली नाही तर छापायला त्याच्या हातात काही उरणार नव्हतं.

"साहेब," कोंडूनं हाक मारली. "म संपला."

पंत चष्मा कपाळावर चढवत आले. "संपला म्हणजे?"

"म्हंजे न्हाय. निम्मे झिजलेत, बाकीचे ह्या जपान्यानं खाल्ले. अजून तीन लागतील. शेवटची वळ राहिली हाय."

पंतांनी कागद हातात घेऊन ओळ वाचली, शाळेत वाचायचे तशी, ठासून. "माफी मागायची तर माणसाने चूक कोणाची ते सांगावे."

"हां. तीनच म." कोंडू हातातल्या स्टिकमधल्या, ओळ जुळवायच्या पट्टीतल्या, खिळ्यांवरून अंगठा फिरवत म्हणाला. "माफीच्या जागी दिलगिरी लावू काय? तिच्यात म न्हाय. एकाची तरी सोय होईल. खेद बी चालंल. त्याच्यात बी न्हाय."

"अरे, सगळा अग्रलेख त्या शब्दावर उभा आहे," पंत म्हणाले. "दिलगिरी कोणीही व्यक्त करतो. दिलगिरीत माणूस कुठे असतो?"

ट्रेडलचा, म्हणजे छपाईच्या यंत्राचा, रूळ पुसणाऱ्या राघोचा हात थांबला. मग त्यानं तीच पुसलेली जागा पुन्हा पुसायला घेतली.

"मग जुन्या जुळणीतून काढायला लागतील," कोंडू म्हणाला. तो वाकला आणि केसखालच्या फळीवरून दोऱ्यानं बांधलेला, तळहाताएवढा खिळ्यांचा एक ठोकळा काढून त्यानं जुळणीच्या दगडावर ठेवला. खिळे काळे पडले होते, पण दोरा नवीन होता. मधूनमधून तो बदलला असणार.

प्रुफं तपासून तपासून मला उलटी अक्षरं सुलटी वाचता येतात. शिकले सातवीपर्यंत, उलटं वाचायला पंतांनीच शिकवलं, ह्याच दगडापाशी उभं करून, ओरडून आणि मग चहा पाजून. माझा नवरा गेला तेव्हा दुसऱ्या दिवशी येऊन ते म्हणाले होते, "सरोजिनीबाई, प्रुफं घरी पाठवीन, पण काम सोडू नका." त्या माणसानं मला हे उलटं वाचायला शिकवलं आणि आज मी पहिल्यांदा मन लावून जे वाचलं ते हे, नऊ वर्षांपूर्वीची दिलगिरीची चौकट.

'मागील.' 'नजरचुकीमुळे.' 'मजकुरात.'

"बरोबर तीन हायेत," कोंडू म्हणाला. "सोडू काय?"

पंत ठोकळ्याकडे बघत राहिले. "हे तू अजून ठेवलंयस?"

"ठेवायला लागतं. कधी लागंल सांगता येत न्हाय."

"सोड की मग," पंत म्हणाले. पण त्यांनी आवाज खाली घेतला, शेजारी लूम चालू असल्यासारखा. बोललं तरी कोणाला ऐकू जाणार नाही, असा. तो आवाज मी ओळखला. नऊ वर्षांपूर्वीही शुक्रवारच होता.

कोंडूनं गाठ सोडली. चिमट्यानं पहिला म उचलला, मग दुसरा. तिसरा निघेना, शाई वाळून तो घट्ट बसला होता. कोंडू वाकून त्याच्याशी झटत राहिला. वाकल्यावर त्याच्या मानेचं हाड वर आलं. राघो रुळाकडे बघत होता, पंत कागदाकडे. मीही माझ्या कागदाकडे बघू शकले असते. नऊ वर्षं मला ते चांगलं जमलं होतं.

तिसरा म निघाला. कोंडूनं तिन्ही खिळे ओळीत बसवले आणि स्टिक माझ्यापुढं धरली. "वाचा, ताई. बरोबर हाय ना?"

मी वाचलं. चूक नव्हती. लाल पेन्सिल खाली ठेवून मी उठले.

"पंत," मी म्हटलं, "त्या दिवशी कोंडूनं नाव लावायच्या आधी तुम्हाला विचारलं होतं. साहेब, ही माझी भाची हाय, नाव चुकलं असंल. कागदावर नाव तुमच्याच हातचं होतं. तुम्ही वर न बघता म्हणालात, लाव आहे तसं. मी इथंच बसले होते. मी ऐकलं होतं."