शुऐब्याचा संन्यासी

माझा नवरा शास्त्राचा पक्का. दिवसा शुऐब्याच्या कारखान्यात व्हॉल्व्ह, घरी आल्यावर पळी-पंचपात्र. कुवेतमधल्या निम्म्या मराठी घरांचे सत्यनारायण जयप्रकाशनेच सांगितले होते. मी त्याला इंजिनिअरभटजी म्हणून चिडवायचे. एरवी गंमत वाटायची, पण नव्वदच्या नोव्हेंबरात त्याच्या शास्त्रापायी माझं डोकं फिरलं होतं.

विजयराव मरणाला टेकले होते. मूत्रपिंडं थकलेली, आणि इराकी सैन्य आल्यापासून आमच्या हॉस्पिटलात डायलिसिसचं सामान येत नव्हतं. ओळखीची घरं केव्हाच बसने अम्मानला आणि तिथून विमानाने मुंबईला गेली होती. विजयरावांना तो प्रवास झेपला नसता, म्हणून त्यांच्या पत्नी, नीलाताई, राहिल्या. याच नीलाताईंनी मला हाताला धरून नर्सचं काम शिकवलं. त्यांना टाकून गेले असते तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. मी राहिले, म्हणून जयप्रकाशही राहिला. सलव्याच्या एका फ्लॅटमध्ये आम्ही चौघं दिवस ढकलत होतो.

विजयरावांचं मागणं एकच होतं. "मला जाळू नका, कुठे पाठवू नका. शुऐब्याला बाळीजवळ ठेवा."

शुऐब्याला बंदराचं काम निघालं तेव्हा पत्र्याच्या खोल्यांत राहायला आलेल्या पहिल्या चार-पाच भारतीय कुटुंबांत हे दोघं होते. पाणी टँकरची वाट बघून मिळायचं, वाळू मात्र न बोलावता ताटात यायची. तिथे त्यांना मुलगी झाली आणि बारशाआधीच गेली. एवढ्या लहान जिवाला आपल्यात अग्नी देत नाहीत, पुरतात. गावातल्या एका म्हाताऱ्या कोळ्याने वस्तीमागची जागा दाखवली, जिकडे त्याच्या शेळ्या फिरकत नसत. विजयरावांनी तिथे वाळूत तगणाऱ्या झाऊचं रोप लावलं आणि दर शुक्रवारी त्याला डबाभर पाणी घातलं. मग इतर घरांवरही तशी वेळ आली. नाशिकच्या एका जोडप्याचं मूल गेलं, एका मल्याळी नर्सची जुळी गेली, गुजराती फोरमनची नात गेली. कुणावरही दगड नाही, नाव नाही, कारण नावं ठेवलेलीच नव्हती. पुढे कारखाने वाढले, माणसं शहरात राहायला गेली, आणि ती जागा आयांशिवाय सगळे विसरले. बापांपैकी विजयराव तेवढे जात राहिले.

"दात आलेल्या माणसाला पुरता येत नाही," जयप्रकाश म्हणाला. "त्याला अग्नीच द्यावा लागतो."

"लाकडं कुठून आणणार? आणि धूर दिसला की शिपाई दारात उभे."

"मग शवागारात ठेवू. विमानं सुरू झाली की नेऊ."

"तिथे वीज टिकते का ते आधी विचारून ये."

तो खाली बसला. "चारू, शास्त्र काही मी लिहिलं नाही. पुरतात ते तान्ह्यांना, नाहीतर संन्याशांना."

"मग करून टाक त्यांना संन्यासी." मी रागाच्या भरात बोलून गेले.

"आतुर संन्यास असतो," तो सावकाश म्हणाला. "मरणाच्या दारातल्या माणसाला घेता येतो. पण शुद्धीत आणि मनापासून घ्यायला हवा. त्यानंतर त्याला बायको नाही, मूल नाही."

नीलाताई दारात उभ्या होत्या. "मूलही नाही?"

"नाही, वहिनी."

"म्हणजे बाळीजवळ जायचं, तर बाळी माझी कुणी नव्हे असं म्हणून जायचं."

मला त्या शास्त्राची चीड आली आणि नवऱ्याची कीवही आली.

विजयराव मात्र ऐकून हसले. "तीस वर्षं संसार केला. आता एक दिवस संन्यास जमेल की."

सकाळी नीलाताईंनी स्वतःची भगवी सुती साडी फाडून त्यांच्या अंगावर घातली. जयप्रकाश सांगत गेला, ते म्हणत गेले. घर सोडलं. धन सोडलं. पत्नी सोडली म्हणताना त्यांनी नीलाताईंकडे पाहिलं, नीलाताईंनी मान हलवली. "अपत्य सोडलं," जयप्रकाशने सांगितलं, आणि विजयरावांचे ओठ हलेनात. जयप्रकाशलाही तो शब्द पुन्हा सांगवेना.

नीलाताई त्यांची नाडी धरून बसल्या होत्या. "म्हणा," त्या म्हणाल्या. "सोडल्याशिवाय तिच्याजवळ जाता यायचं नाही."

त्यांनी म्हटलं. मी वॉर्डात पुष्कळ मरणं पाहिली आहेत, पण इतकं जड काही ऐकलेलं नाही.

जरा वेळाने ते म्हणाले, "नीला, पाणी दे गं." संन्याशाने बायकोला अशी हाक मारणं कुठल्याच शास्त्रात बसत नाही. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

संध्याकाळी ते गेले. खालच्या मजल्यावर पेशावरचा झहूर राहायचा, त्याची लॉरी होती. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर त्याने मिठाच्या पोत्यांआड विजयरावांना आणि पुढे आम्हा तिघांना घेऊन शुऐब्याची वाट धरली. मीठ संन्याशाच्या समाधीत घालायला हवंच होतं. नाक्यावर त्याने मासे खारवायचं मीठ म्हणून सांगितलं, आणि शिपायांनी सोडलं.

झाऊ वाळला होता, पण उभा होता. नीलाताई सरळ चालत गेल्या आणि एका जागी थांबल्या. "ही इथे आहे. तुम्ही शेजारी खणा." झहूर आणि जयप्रकाशने खणलं. विजयरावांना मांडी घालून बसवलं, भोवती मीठ घातलं, वर वाळू ओढली.

जयप्रकाश सवयीने सांगू लागला, "वहिनी, संन्याशाचं सुतक नसतं. शोकही करायचा नसतो."

"ठाऊक आहे," नीलाताई म्हणाल्या. "बाळीच्या वेळीही लोकांनी हेच सांगितलं होतं. बारसं झालेलं नाही, रडायचं नाही. मी रडले नाही."

जयप्रकाश फावडं धरून उभा होता. त्याने ते खाली ठेवलं.

"वहिनी," तो म्हणाला, "शास्त्राचं मी बघतो. तुम्ही रडा."

तेव्हा त्या खाली बसल्या आणि रडल्या, आधी लेकीसाठी आणि मग नवऱ्यासाठी.